सिंगापूरच्या चमत्काराची वजाबाकी

सिंगापूर एवढं पुढे कसं गेलं, असं विचारलं की ‘शिस्त’ हे उत्तर तयार असतं. शिस्त मोजता येत नाही, ही त्या उत्तराची मोठी सोय. यंत्रं आणि माणसं मात्र मोजता येतात. आल्विन यंग या अर्थशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात ती मोजली.

समजा, शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात दहा कारागीर आणि दहा मशीनं आहेत. दोन्ही दुप्पट केली तर शर्ट दुप्पट. नुसती मशीनं दुप्पट केली तर? हात तेवढेच! कमाईत भांडवलाचा, म्हणजे मशीनांचा, वाटा निम्मा धरला, तर उत्पादन १.४ पटच होतं (२चं वर्गमूळ). मशीनं चौपट केली तेव्हा कुठे शर्ट दुप्पट. माणशी शर्ट वाढले, पण शिवायची पद्धत तीच राहिली.

आता १९६६ ते १९९०चं सिंगापूर. भांडवल वर्षाला ११.५ टक्क्यांनी वाढलं. त्याचा वाटा ०.४९, गुणाकार ५.६. श्रम, शिक्षणाची वाढ धरून, ५.७ टक्के, वाटा ०.५१, गुणाकार २.९. बेरीज ८.५. प्रत्यक्ष उत्पादनवाढ ८.७. उरले ०.२! ही बाकी म्हणजे ‘एकूण घटक उत्पादकता’: तेवढ्याच सामग्रीतून जास्त काढण्याचं कसब. हाँगकाँगची बाकी याच रीतीने २.३ निघाली.

सामग्री आली कुठून? लोकसंख्येतल्या काम करणाऱ्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेलं. हे एकदाच होतं. ५१चे १०२ होत नाहीत. बचत सक्तीची: आपल्या पीएफसारख्या निधीत १९८४ साली कामगार आणि मालक मिळून पगाराच्या ५० टक्के भरत. शिस्त, काटकसर अशा ‘आशियाई मूल्यां’वरच्या भाषणांत हा आकडा सहसा येत नाही.

पण ही बाकी नाजूक असते. भांडवलवाढीचा आकडा एका टक्क्याने जास्त धरला गेला, तर बाकी जवळजवळ अर्ध्या टक्क्याने घटते. चांग-ताई शे या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये उलटी तपासणी केली. गावात रिक्षा भरमसाट झाल्या की रिक्षाचं रोजचं भाडं पडतं. तसं सिंगापुरात भांडवलावरचा परतावा कोसळायला हवा होता. तो जवळपास स्थिर राहिला. मजुरी आणि परतावा यांवरून हिशेब मांडल्यावर बाकी दोन टक्क्यांहून जास्तीने वर गेली. म्हणजे सरकारी खात्यांत दाखवलेलं भांडवल फुगलेलं असावं.