रासायनिक उद्योगाचा प्रच्छन्न प्रभाव

रसायने बनविणाऱ्या कंपन्या आणि त्यांच्या संघटना आपल्या उत्पादनांविषयीचे संशोधन, शासकीय नियमन आणि लोकमत स्वतःचे नाव पुढे न करता आपल्या बाजूला वळविण्यासाठी ज्या पद्धती वापरतात, त्यांचा निर्देश या संज्ञेने केला जातो. उघड जाहिरात किंवा निधीचा स्रोत सांगून प्रसिद्ध केलेले संशोधन या व्याख्येत येत नाही. पैसा कोणाचा आणि शब्द कोणाचे हे वाचकापासून, नियामकापासून किंवा न्यायालयापासून दडविले जाते, तेथे प्रच्छन्न प्रभाव सुरू होतो. या व्यवहारात धडधडीत खोटेपणा तुलनेने कमी आढळतो. ‘पुरावा अजून पुरेसा नाही’ हे विधान वर्षानुवर्षे टिकवून धरण्यावरच मुख्य भर असतो, कारण निर्णय लांबला की विक्री चालू राहते.

पेट्रोलमधील शिशाचे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग मिसळलेले पेट्रोल अमेरिकेत १९२३ मध्ये विक्रीस आले आणि पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतील बेवे येथील शुद्धीकरण कारखान्यात हे द्रव्य हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. १९२५ मध्ये सरकारने परिषद बोलावली. पण त्यानंतरचे संशोधन उद्योगाच्याच हाती राहिले. सिनसिनाटी विद्यापीठातील केटरिंग प्रयोगशाळेचे रॉबर्ट कीहो हे टेट्राएथिल लेड विकणाऱ्या एथिल कॉर्पोरेशनचे वैद्यकीय सल्लागारही होते. शिसे शरीरात निसर्गतःच असते, ठराविक पातळीखाली ते निरुपद्रवी असते, आणि अपाय होतो असे ज्याला वाटते त्याने तो सिद्ध करावा, अशी त्यांची भूमिका होती. अपाय सिद्ध करण्याची साधने आणि पैसा मात्र बहुतांशी त्यांच्याच गोटात असल्याने ही अट जवळजवळ चाळीस वर्षे कोणाला पुरी करता आली नाही. येथे निधी फारसा लपविलेला नव्हता. दुसरे कोणी अभ्यासच करीत नाही, ही गोष्ट तेवढी नजरेआड राहिली. पृथ्वीचे वय मोजणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की आधुनिक माणसाच्या शरीरातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे शंभर पट आहे, म्हणजे कीहो ज्याला स्वाभाविक म्हणत होते तेच मुळात प्रदूषण होते. त्यानंतर पॅटरसन यांचे संशोधन-करार बंद झाले. मुलांच्या दुधाच्या दातांतील शिसे आणि बुद्ध्यंक यांचा संबंध १९७९ मध्ये मांडणारे हर्बर्ट नीडलमन यांच्यावर पुढे वैज्ञानिक गैरवर्तनाचा आरोप झाला. आरोप करणाऱ्यांनी शिसे उद्योगाच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून काम केलेले होते. चौकशीत नीडलमन निर्दोष ठरले. मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता आणि तेथील विक्री २०२१ मध्ये थांबली.

विषारीपणाच्या चाचण्या सामान्यतः उत्पादक स्वतःच्या खर्चाने करवून घेतो, आणि ही व्यवस्था कायदेशीरच आहे. तिची कमजोरी १९७६ मध्ये उघड झाली, जेव्हा इलिनॉय राज्यातील इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या मोठ्या प्रयोगशाळेत सरकारी निरीक्षकांना बनावट नोंदी सापडल्या. तेथील उंदरांच्या नोंदवह्यांत, शवविच्छेदन करता येणार नाही इतका प्राणी कुजला आहे अशा अर्थाची तीन अक्षरी खूण ठिकठिकाणी होती. प्रयोगशाळेचे तीन अधिकारी १९८३ मध्ये दोषी ठरले. या प्रकारानंतर चाचण्यांच्या नोंदी, देखरेख आणि जतन यांचे काटेकोर नियम आले. पण त्यांचा एक अनपेक्षित उपयोग पुढे होऊ लागला. विद्यापीठांतील मूलभूत संशोधन त्या साच्यात क्वचितच बसत असल्याने ते बाजूला सारून, साच्यात बसणारे उद्योगाचे अहवाल ग्राह्य धरणे नियामकांना सोपे झाले. बिस्फेनॉल-ए या प्लास्टिकमधील रसायनाच्या अल्प मात्रेवरील अभ्यासांचा २००५ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा सरकारी निधीवरील ९० टक्क्यांहून अधिक अभ्यासांत परिणाम आढळले होते, तर उद्योगाच्या निधीवरील ११ पैकी एकाही अभ्यासात नव्हते.

दुसऱ्याच्या नावावर केलेले लेखन ही त्याहून सूक्ष्म पद्धत आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक सुरक्षित असल्याचा निर्वाळा देणारा, तीन बाहेरच्या शास्त्रज्ञांच्या नावाचा एक निबंध २००० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे दाखले अनेक वर्षे दिले जात राहिले. या तणनाशकाची उत्पादक कंपनी मोन्सँटो हिच्याविरुद्धच्या खटल्यांत २०१७ मध्ये खुल्या झालेल्या पत्रव्यवहारात कंपनीच्या एका शास्त्रज्ञाने या निबंधाचा हवाला देत, लिखाण आपण करावे आणि इतरांनी ते तपासून सह्या कराव्यात म्हणजे खर्च कमी होईल, असे सुचविल्याचे दिसले. नियतकालिकाने २०२५ मध्ये तो निबंध मागे घेतला. एवढ्यावरून ग्लायफोसेट कर्करोगकारक ठरत नाही, त्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आणि अनेक नियामक यांच्यात मतभेद आहेत; मात्र त्या निबंधाचे वजन उरत नाही, हे मान्य करावे लागते.

लोकमताच्या क्षेत्रात बनावट नागरिक संघटना उभारणे ही रूढ युक्ती आहे. फर्निचरमधील अग्निरोधक रसायनांची सक्ती कॅलिफोर्नियात टिकून राहावी यासाठी ‘सिटिझन्स फॉर फायर सेफ्टी’ ही संस्था झटत होती. अग्निशमन क्षेत्रातील मंडळी आणि सामाजिक कार्यकर्ते यांची आघाडी म्हणून ती स्वतःला पुढे करी; तिचे सदस्य प्रत्यक्षात ही रसायने बनविणाऱ्या तीन कंपन्या होत्या. तिच्या बाजूने एका नामांकित भाजतज्ज्ञ शल्यविशारदाने आमदारांपुढे आगीत भाजून दगावलेल्या तान्ह्या बाळाची हकीकत सांगितली. ‘शिकागो ट्रिब्यून’च्या बातमीदारांनी २०१२ मध्ये शोध घेतला तेव्हा तसे बाळ नव्हतेच, असे निष्पन्न झाले. पुढच्या वर्षी त्या राज्याने आपले मानक बदलले. फ्रान्समध्ये पत्रकार, राजकारणी व शास्त्रज्ञ अशा दोनशेहून अधिक व्यक्तींची यादी त्यांना न कळविता मोन्सँटोसाठी तयार करण्यात आली होती. त्याबद्दल तेथील माहिती संरक्षण आयोगाने कंपनीला २०२१ मध्ये ४ लाख युरो दंड केला.

नियमनावरील प्रभाव बहुधा माहिती रोखून धरण्यातून पडतो. भांड्यांवरील न चिकटणाऱ्या टेफ्लॉन लेपाच्या निर्मितीत पूर्वी वापरले जाणारे पीएफओए हे रसायन गर्भवती कामगारांकडून गर्भापर्यंत पोहोचते, याची माहिती टेफ्लॉन बनविणाऱ्या ड्यूपाँट कंपनीला १९८१ मध्येच होती. ती वेळेत न कळविल्याचा ठपका ठेवल्यावर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेशी २००५ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलरची तडजोड झाली. आज नियामक संस्थेत असलेला अधिकारी उद्या कंपनीच्या सेवेत जाणे, हा प्रकार सर्वत्र परिचित आहे.

या विषयावरील ज्ञात उदाहरणांत अमेरिकेची संख्या मोठी आहे, ती तेथील कंपन्या अधिक कपटी आहेत म्हणून नव्हे. दावा दाखल झाल्यावर, सुनावणीपूर्वी प्रतिपक्षाचे अंतर्गत कागद मागविण्याचा व्यापक अधिकार तेथील वादीला असतो, आणि पीएफओएचे प्रकरणही वेस्ट व्हर्जिनियातील एका गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या दाव्यामुळे बाहेर आले. ज्या देशांत असा अधिकार मर्यादित आहे, तेथे तुलनेने फारच थोडे कागद उजेडात येतात. अमेरिकेतही सुनावणीआधी तडजोड झाली, तर गोपनीयतेच्या अटीखाली ते पुन्हा बंद होऊ शकतात.