वर्षा-दीड वर्षाला एक क्रूझ : पैसा कुठून काढायचा आणि कुठे वाचवायचा
(जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतील ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

क्रूझच्या, म्हणजे मोठ्या जहाजावरच्या सहलीच्या, चौकशीला आमच्या कार्यालयात येणारे पहिला प्रश्न विचारतात तो ‘माणशी किती?’ हा. प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. जहाजाच्या जाहिरातीत दिसणारा आकडा हा एकूण खर्चाचा साधारण दोन तृतीयांश भाग असतो. उरलेला एक तृतीयांश बंदर शुल्क, टिप, जीएसटी, रेल्वे, टॅक्सी आणि जहाजावरचे किरकोळ खर्च यांत जातो. एकदाच जायचं असेल तर हा फरक सोसता येतो. पुन्हा पुन्हा जायचं असेल तर आधी पूर्ण आकडा समोर ठेवा आणि तो महिन्यांत वाटा.

पूर्ण आकडा असा मांडा

खालचे आकडे फक्त हिशोब समजावा म्हणून धरले आहेत. जहाजाचे दर विमानाच्या तिकिटासारखे रोज बदलतात, तेव्हा हे कोटेशन समजू नये. दोन मोठे, दोन मुलं, जळगावहून निघून मुंबई–गोवा–मुंबई तीन रात्री, एकच आतली (बिनखिडकीची) खोली :

पहिल्या दोघांचं भाडं २२,००० × २ = ४४,०००
तिसऱ्या-चौथ्याचं भाडं ९,००० × २ = १८,०००
बंदर शुल्क, टिप, जीएसटी : १६,०००
रेल्वे, जाऊन-येऊन चौघांचं : ६,०००
मुंबईतली टॅक्सी आणि नाश्ता : २,५००
गोव्यात उतरून फिरणं : ४,०००
जहाजावरचा हात-खर्च : ३,५००
एकूण : ९४,०००

दर अठरा महिन्यांनी अशी सफर हवी असेल तर महिन्याला सुमारे ५,२०० रुपये बाजूला पडले पाहिजेत. दरवर्षी हवी असेल तर ७,८००. हा हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापला जाईल असं करा. महिनाअखेरीला उरेल ते क्रूझला, या पद्धतीने कुणाचीही क्रूझ होत नाही, कारण महिनाअखेरीला उरत काहीच नाही.

पैसा घरातूनच निघतो

पगारवाढीची वाट पाहू नका. आधी घरचे हे चार खर्च तपासा.

दर रविवारी सहकुटुंब हॉटेलात शेवभाजी. चौघांचे १,२०० धरले तर महिन्याला ४,८००. महिन्यातून एकदाच गेलात तर ३,६०० वाचतात, म्हणजे वर्षाचे ४३,२००. वरच्या सफरीचा जवळजवळ निम्मा खर्च इथेच निघतो. भरीत-पुरी घरच्या गच्चीवर केली तर कुणाला काही कमी पडत नाही.

मोबाइल. ३०,००० चा फोन दर दोन वर्षांनी बदलला तर वर्षाला १५,००० पडतात. बॅटरी बदलून चार वर्षं वापरला तर ७,५००. घरात असे दोन फोन असतील तर फरक दुप्पट.

दागिना मोडून नवा घडवणं. आपल्याकडे सोनं घेणं म्हणजे बचतच आहे, आणि त्याच्या आड आम्ही येत नाही. पण दर सणाला जुनं मोडून नवी नक्षी घडवली की प्रत्येक वेळी घडणावळ आणि तिच्यावरचा कर जातो. सोनं तेवढंच राहतं, पैसा कमी होतो. आणि उलटंही सांगतो : क्रूझसाठी सोनं मोडू किंवा गहाण ठेवू नका.

लग्नकार्यातला आहेर-मानपान आणि मुलांच्या वाढदिवसाचा हॉल. हा खर्च कुणी कुणाला सांगून कमी होत नाही, घरात बसूनच ठरवावा लागतो. पण वाढदिवस ज्या महिन्यात आहे त्या महिन्यातच स्वस्त फेरी मिळत असेल तर हॉलचे पैसे तिकडे वळवता येतात. मुलांना विचारून पाहा, ती काय निवडतील!

शेतीवर घर असेल तर महिन्याचा हप्ता बसत नाही, तो बसवण्याचा आग्रहही धरू नका. कापूस विकल्यावर एक आणि केळीचा माल कापल्यावर एक, अशा दोन रकमा त्याच दिवशी वेगळ्या काढा. केळीचा भाव कुठल्या महिन्यात कुठे जाईल याचा नेम नाही. म्हणून बुकिंग हातात आलेल्या पैशावर करा, उभ्या बागेच्या अंदाजावर नको.

पैसे ठेवायचे कुठे? बँकेची किंवा पोस्टाची आरडी पुरे आहे. एक-दोन टक्के जास्त व्याज देते म्हणून पतसंस्थेत ठेवणार असाल तर हे लक्षात घ्या : बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे, त्यात सहकारी बँकाही येतात, पतसंस्था येत नाहीत. पतसंस्था बुडाली की काय होतं, हे आपल्या भागात जास्त समजावून सांगायची गरज नाही. भिशी चालेल, पण तुमचा नंबर बुकिंगच्या तारखेआधी लागणार असेल तरच.

कर्ज काढून क्रूझ नको, आणि त्याचं कारण निव्वळ हिशोबाचं आहे. १ लाखाचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ४,८०० आणि एकूण परतफेड सुमारे १,१५,२००. तेच ४,००० रुपये महिना २४ महिने साडेसहा टक्क्यांच्या आरडीत टाकले तर हातात १,०२,५०० च्या वर येतात. आधी साठवणारा दर महिन्याला ८०० रुपये कमी भरतो आणि व्याज देण्याऐवजी घेतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी मागे ठेवली तर वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज लागतं. तेव्हा दोन क्रूझच्या पैशात एकच होते.

स्वस्त फेरी आधी, सुट्टी नंतर

सुट्टी आधी ठरवून मग जहाज शोधलं की सगळ्यात महाग फेरी वाट्याला येते. दिवाळी, नाताळ ते ३१ डिसेंबर, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या हे दिवस टाळा. नाताळची गर्दी ओसरल्यावरचा जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला भाग, त्यातही सोमवार-मंगळवारी सुटणाऱ्या फेऱ्या हलक्या पडतात. समुद्रही तेव्हा शांत असतो. आखाजीला माहेरवाशिणी घरी असतात, तेव्हा तसंही कुणी निघत नाही.

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे गेल्या काही हंगामांत पावसाळ्यात जहाज चेन्नईच्या बाजूला नेलं गेलं आहे. तिकडचं भाडं कमी दिसलं तरी भुसावळहून चेन्नईपर्यंतचा रेल्वेचा प्रवास आणि एक मुक्काम धरला की बचत उरत नाही.

‘शेवटच्या आठवड्यात स्वस्त मिळतं’ हे मुंबईत राहणाऱ्यासाठी खरं असू शकतं. खानदेशातून नाही, कारण तोवर रेल्वेचं वेटिंग शंभरावर गेलेलं असतं. आपल्यासाठी चार ते सहा महिने आधीचं बुकिंग बरं. रेल्वेचं आरक्षण मात्र प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. जहाज आधी आणि रेल्वे नंतर असा उलटा क्रम असल्याने ती तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा. तिथे चुकलात तर तत्काळ किंवा खाजगी गाडी, आणि वाचवलेले चार-पाच हजार तिथेच संपतात.

खोली

मुंबईहून देशी फेऱ्या करणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली बांधलेलं, साधारण १,८०० प्रवाशांचं आहे. सप्टेंबर २०२१ पासून ते मुंबईहून फेऱ्या करू लागलं. या पिढीच्या जहाजावर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच असतात आणि म्हणून महाग असतात. दोन-तीन रात्रींच्या फेरीत खोलीत माणूस झोपण्यापुरताच जातो. डेक, पोहण्याचा तलाव, जेवण आणि कार्यक्रम आतल्या खोलीवाल्याला आणि बाल्कनीवाल्याला सारखेच. आमचं मत स्पष्ट आहे : मुंबई–गोव्याला आतली खोली घ्या आणि वाचलेल्या पैशात पुढची फेरी लवकर करा. बाल्कनीचा पैसा अलास्का किंवा नॉर्वेच्या फ्योर्डसारख्या (डोंगरकड्यांमधल्या अरुंद खाड्या) ठिकाणी वसूल होतो, तिथे खोलीतून बघायला काहीतरी असतं.

आतल्या खोलीला खिडकी नसते, दिवा घालवला की मिट्ट काळोख. लहान नाइट लॅम्प न्या. बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांनी समुद्र दिसणारी खोली घ्यावी, तिथे काटकसर नको. जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली कमी हलते. प्रवासात मळमळ होणाऱ्यांनी तीच मागावी. त्यावरची गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते, डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा.

भाडं नेहमी खोलीत दोघे धरून सांगितलेलं असतं. एकट्याने गेलं तर बऱ्याचदा दोघांचं भरावं लागतं. तिसरा-चौथा स्वस्त पडतो, पण त्यांचा पलंग भिंतीतून खाली येणारा, शिडीचा असतो. आजी-आजोबांना तिथे चढवू नका. चार मोठी माणसं असतील तर समोरासमोरच्या दोन आतल्या खोल्यांचा भाव नक्की विचारा. कंपनीने नंबर नंतर द्यायचा, अशा बोलीवर खोली आणखी स्वस्त मिळते, पण मग दोन खोल्या वेगवेगळ्या मजल्यांवर येऊ शकतात.

गाडी आणि बंदर

जळगावहून मुंबई रेल्वेने साधारण ४२० किलोमीटर. रात्रीच्या गाडीने पहाटे-सकाळी सीएसएमटीला उतरा. बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल तिथून टॅक्सीने अगदी जवळ आहे. दुपारी पोहोचणारी गाडी घेऊ नका. कसाऱ्यापुढे गाडी दोन तास रखडली तरी जहाज थांबत नाही, आणि चेक-इन बंद झाल्यावर आलेल्याचे पैसे परत मिळत नाहीत. धुळेकरांनी महामार्गाने यायचं ठरवलं तर दक्षिण मुंबईतल्या तीन-चार दिवसांच्या पार्किंगचा खर्च आधी काढावा. बहुतेक वेळा चाळीसगावहून रेल्वेच स्वस्त पडते. नंदुरबारकरांना सुरतमार्गे पश्चिम रेल्वे सोयीची. परतीची गाडी दुपारी दोननंतरचीच धरा, कारण उतरायला नंबर लागतो.

जहाजावर पैसा कुठे गळतो

मुख्य जेवणघर, बुफे, तलाव, व्यायामशाळा, बहुतेक कार्यक्रम भाड्यात येतात. देशी जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवणही असतं, बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. बाटलीबंद पेयं, दारू, खास रेस्टॉरंट, इंटरनेट, स्पा, धुलाई, फोटो आणि दवाखाना यांचे पैसे वेगळे. चढताना मिळणारं कार्ड हेच तिथलं पाकीट असतं. नोट हातातून जात नाही म्हणून खर्च कळत नाही. मुलांच्या कार्डावर खरेदी बंद करायला रिसेप्शनवर सांगा. शेवटच्या रात्रीच बिल तपासा, उतरल्यावर वाद घालणं कठीण जातं.

नांगर उचलण्याआधी मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. किनारा सुटला की फोन जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि एका व्हिडिओचं बिल हजारांत येऊ शकतं.

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागतं, पणजीला नाही. पणजी तिथून रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर. थोडाच वेळ असेल तर वास्को आणि जवळचा बोगमाळो किनारा पुरे, दोन कुटुंबांनी मिळून टॅक्सी केली की जहाजाच्या सहलीपेक्षा स्वस्त. मात्र जहाजावर परतण्याची वेळ सुटण्याच्या वेळेआधीची असते, ती फोनच्या गजरात लावा. लक्षद्वीपला असं स्वतः उतरून फिरणं चालत नाही. तिथे परवाना लागतो, उतरवणं छोट्या होड्यांतून होतं आणि लाटा जास्त असल्या तर उतरणंच रद्द होतं. अशा वेळी कुठले पैसे परत मिळतात ते आधी लेखी घ्या.

शेगडी, इंडक्शन, किटली, इस्त्री, घरचा शिजवलेला डबा चालत नाही. ठेच्याची बरणी सुरक्षा तपासणीत अडते. सीलबंद शेवेची पाकिटं बहुधा जातात.

परदेशी फेरीचा वेगळा हिशोब

सिंगापूरहून सुटणाऱ्या फेऱ्यांत टिप डॉलरमध्ये असते, साधारण दिवसाला माणशी १६ ते २० डॉलर. चौघे, चार रात्री, १८ डॉलरने २८८ डॉलर झाले. बुकिंगबरोबरच भरून टाका. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा हवा. मोठ्यांच्या दहा वर्षांच्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळला २,००० जास्त. घाई टाळलीत तर चौघांत बऱ्यापैकी रक्कम वाचते. जहाज दुसऱ्या देशाला जाऊन सिंगापूरला परत येतं, म्हणून एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा आहे ना ते पाहा. परदेशी पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस हा तुमच्या पॅनवर जमा होणारा कर आहे. विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो, फक्त तेवढे पैसे काही महिने अडकतात, ते हिशोबात धरा.

गर्भवतींना २४ आठवड्यांनंतर आणि सहा महिन्यांखालच्या बाळांना बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत.

कार्यालयात येताना

सगळ्यांची आधार कार्डं आणा. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव आहे की नाही, आधारवर जसं आहे तसंच तिकिटावर लागतं. परदेशी फेरीला पासपोर्टवरचं नाव घ्यायचं. बंदरावर अडवलं जाण्याचं नेहमीचं कारण हेच आहे. चालतील अशा किमान तीन तारखा, महिन्याला बाजूला पडू शकेल अशी रक्कम आणि खोलीत कोण-कोण झोपणार एवढं कागदावर लिहून आणलंत तर पूर्ण खर्चाचा आकडा त्याच बैठकीत काढून देऊ.