हवाई बंदुका, जुन्या युरोपीय : संग्रह व परंपरा

बंदुकीच्या दारूऐवजी दाबलेल्या हवेच्या जोरावर गोळी, छर्रा किंवा लहान बाण सोडणाऱ्या, सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासपर्यंत युरोपात बनलेल्या बंदुकांचा संग्रह. आपल्याकडे ‘छऱ्याची बंदूक’ म्हटले की जत्रेतले फुगे आठवतात; पण या घराण्यात सैन्याने लढाईत वापरलेली हत्यारेही आहेत. हवा कशी साठवायची आणि ती एका झटक्यात कशी सोडायची, हा सगळ्या कारागिरांपुढचा प्रश्न एकच होता. म्हणून जाणकार संग्राहक आपल्या बंदुका देशांनुसार न लावता या प्रश्नाच्या उत्तरांनुसार लावतात, आणि ते योग्यच आहे.

पहिले उत्तर भात्याचे. दस्त्यात लपवलेला भाता दमदार स्प्रिंगने मिटतो आणि त्या फुंकरीने मागे केसांचा झुपका लावलेला छोटा बाण सुटतो. स्प्रिंग ताणण्यासाठी वेगळी किल्ली लागे. स्टॉकहोमच्या शाही शस्त्रागारातील सुमारे 1580 ची अशी बंदूक सर्वांत जुन्या शिल्लक हवाई बंदुकांपैकी समजली जाते. जर्मन भाषक प्रदेशांत दिवाणखान्यातल्या नेमबाजीसाठी या बंदुका पुढे दीर्घकाळ बनत राहिल्या. भात्याचे कातडे टिकत नाही, त्यामुळे मूळ भाता शाबूत असलेला नमुना क्वचितच हाती लागतो.

दुसरे उत्तर टाकीचे : पंपाने हवा आधीच कोंडून ठेवायची आणि घोडा पडला की झडप क्षणभर उघडायची. लिझ्यू येथील मारँ बुर्जवा याने फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्यासाठी केलेल्या अशा बंदुकीचे वर्णन 1608 मध्ये छापले गेले. टाकी कधी नळीभोवती, कधी खाली टांगलेल्या तांब्याच्या गोळ्यात, तर कधी पोकळ दस्त्यात असे. अठराव्या शतकातल्या कितीतरी बंदुका मुद्दाम चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या) बंदुकीसारख्या घडवलेल्या असत. वरवर पाहणारा फसतो; चकमकीचा कान, म्हणजे ठिणगी आत जाण्याची जागा, तपासला की तिथे छिद्रच नसल्याचे कळते.

या वर्गातली सर्वांत नावाजलेली बंदूक टायरॉलच्या आम्पेत्सो भागातील बार्टोलोमेओ जिरार्दोनी याची. ऑस्ट्रियाच्या सैन्याने ती 1780 च्या सुमारास स्वीकारली. नळीशेजारच्या नळकांड्यात वीसेक गोळ्या बसत. बंदुकीचे तोंड वर करून आडवा ठोकळा सरकवला की पुढची गोळी जागेवर येई. धूर नाही, ठिणगी नाही, पावसाची भीती नाही, आणि आडोशाला पडल्या पडल्या पुन्हा भरता येते, हे त्या काळी अद्भुतच होते. मात्र टाकीचे काम करणारा लोखंडी पत्र्याचा दस्ता हवेने पूर्ण भरायला सुमारे 1,500 वेळा पंप मारावा लागे, सांध्याचे कातडी वायसर ओले ठेवावे लागत आणि बिघाड दुरुस्त करायला निष्णात कारागीर हवा. 1815 पर्यंत ती सैन्यातून गेली. हत्यार वाईट नव्हते. ते सांभाळण्याची व्यवस्था सैन्याला जमली नाही.

संग्राहकांच्या चिकाटीने इतिहास कसा बदलतो, याचे उदाहरणही हीच बंदूक. अमेरिकेत पश्चिमेकडचा प्रदेश धुंडाळणाऱ्या लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेत (1803–06) एक हवाई बंदूक होती आणि वाटेतल्या मूलनिवासींसमोर तिची प्रात्यक्षिके होत. ती फिलाडेल्फियाच्या आयझाया ल्यूकन्सने केलेली एकबारी बंदूक असावी, असे बरीच वर्षे मानले जाई. पण 1803 मध्ये ती पाहिलेल्या टॉमस रॉडनी याच्या रोजनिशीत सगळ्या गोळ्या बाजूच्या आखूड नळीत एकदम भरल्या जातात आणि एकेक करून पुढे येतात, असे वर्णन आहे. ते जिरार्दोनी पद्धतीशीच जुळते. संग्राहक रॉबर्ट बीमन यांनी हे मत लावून धरले आणि आपल्या संग्रहातली जिरार्दोनी बंदूक अमेरिकी सैन्याच्या कार्लाइल येथील संग्रहालयाला दिली.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हवेवर चालणाऱ्या काठ्या निघाल्या. दिसायला फिरायला जाताना हाती धरायची काठी. मागचा अर्धा भाग टाकी, पुढचा नळी, आणि घोड्याच्या जागी एक बटण. या काठ्या चोरट्या शिकाऱ्यांसाठी होत्या असे विक्रेते रंगवून सांगतात. पण त्यांची घडण आणि पेटीतला सरंजाम पाहता गिऱ्हाईक खिशाने भक्कम असावे.

तिसरे उत्तर स्प्रिंग आणि दट्ट्याचे. यात ताणलेली स्प्रिंग सुटली की दट्ट्या त्याच क्षणी हवा दाबतो, त्यामुळे ती साठवावीच लागत नाही. बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीजच्या रचनेवर बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीने 1905 पासून रायफली काढल्या. त्याच भागातल्या दारूगुत्त्यांत सहा यार्डांवरून पोलादी पाटीच्या छोट्या छिद्रातून छर्रा घालून मागची घंटा वाजवण्याचे सामने रंगत. जर्मनीत राश्टाट येथे 1890 मध्ये स्थापन झालेल्या कारखान्याचा डायना हा छाप तर घरोघरी पोचला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची यंत्रसामग्री ब्रिटनमध्ये गेली आणि स्कॉटलंडमधील मदरवेल येथे मिलब्रो कंपनी डायना याच नावाने बंदुका बनवू लागली. मूळ जर्मन कारखान्याला ब्रिटनमध्ये आपला माल ‘ओरिजिनल’ नावाने विकावा लागला. नवखा संग्राहक इथे हमखास गोंधळतो.

किंमत ठरते ती अस्सलपणावर. पोलादावरची मूळ निळसर झळाळी थोडी का होईना उरलेली हवी, स्क्रूंच्या खाचा धड हव्यात आणि पंप, किल्ली, गोळ्या ओतायचा साचा हे सामान सोबत असेल तर उत्तमच. पॉलिश मारून चकचकीत केलेली बंदूक दुकानदाराला आवडते, संग्राहकाला नाही. जुनी टाकी मात्र कधीही हवेने भरू नये. आतून गंजलेला पत्रा बाहेरून ओळखू येत नाही आणि तो फुटला तर जीव जाऊ शकतो. प्रयोग करायचाच असेल तर हुबेहूब नव्या बनावटीच्या टाकीवर करतात.

कायदे देशागणिक वेगळे आहेत. जर्मनीत 1970 पासून पंचकोनातील ‘एफ’ हा शिक्का 7.5 ज्यूलपर्यंतच्या शक्तीची खूण आहे. त्याआधीच्या बंदुकांवर तो नसतो, त्यामुळे काळ ठरवायलाही त्याचा उपयोग होतो. भारतात 20 ज्यूलपेक्षा अधिक शक्तीच्या किंवा 4.5 मिमीपेक्षा मोठ्या नळीच्या हवाई बंदुकीला परवाना लागतो. 5.5 मिमीची जुनी बीएसए रायफल या मर्यादेबाहेर पडते.