चेनसॉ मिलिंग

चेनसॉ मिलिंग : पाडलेल्या झाडाचा ओंडका जागेवरच, चेनसॉला (दातेरी साखळी फिरवणाऱ्या यांत्रिक करवतीला) चौकट जोडून, लांबीच्या दिशेने चिरून जाड व अखंड फळ्या काढण्याची पद्धत. अशा फळीला ‘स्लॅब’ म्हणतात. तिच्या कडा बहुधा सरळ न करता झाडाच्या मूळ वळणानेच ठेवतात. चिरणे, वाळवणे आणि पृष्ठभाग तयार करणे असे कामाचे तीन भाग पडतात. चिरण्याला काही तास लागतात, वाळवण्याला वर्षे. आणि फळी कामास येते की सरपणात जाते, हे वाळवण्यावरच ठरते.

ओंडका फार रुंद किंवा अवजड असला, किंवा झाड अडचणीच्या जागी पडले असले, की ते सॉ मिलपर्यंत नेता येत नाही. मग करवतच झाडापाशी न्यावी लागते. याची किंमत लाकडातच मोजावी लागते. बँडसॉचे (पट्ट्यासारखे पाते फिरवणाऱ्या करवतीचे) पाते एका कापात २–३ मिमी लाकूड खाते, तर चेनसॉची साखळी ८–१० मिमी. दहा कापांत जवळपास एका जाड फळीचा भुसा होतो. म्हणून पातळ फळ्यांसाठी ही पद्धत वापरू नये. ५–८ सेंमी जाडीच्या स्लॅबसाठी ती योग्य.

चौकट साखळीच्या पात्यावर आवळलेली असते व तिच्या पट्ट्या पात्याला समांतर राहतात. दोहोंमधले अंतर म्हणजे फळीची जाडी. या साधनाला ‘अलास्कन मिल’ असे नाव रूढ आहे. ओंडका गोल असल्याने पहिल्या कापासाठी त्यावर सरळ शिडी किंवा तुळई स्क्रूने बसवतात. तिची दोन्ही टोके पाणसळ लावून तपासलीच पाहिजेत, कारण पहिल्या कापात आलेला पीळ पुढच्या प्रत्येक फळीत उतरतो. पुढचे काप आधीच्या सपाट पृष्ठावरून चालतात. काप पुढे सरकेल तशा मागे पाचरी ठोकतात, म्हणजे वरची फळी बसून पाते अडकत नाही. तंतूंना आडव्या कापासाठीच्या साखळीचे दात साधारण ३०° कोनात घासलेले असतात. तंतूंच्या दिशेने चिरण्यासाठी तो कोन १०° च्या आसपास ठेवल्यास पृष्ठ गुळगुळीत येते. इंजिन सतत पूर्ण भाराखाली चालते, म्हणून किमान ७० सीसीचे आणि रुंद ओंडक्यांना ९० सीसीच्या आसपासचे यंत्र लागते. ओंडक्याच्या टोकावर निळसर-काळा डाग दिसला तर थांबावे : टॅनिन (लाकडातले तुरट द्रव्य) असलेल्या लाकडात रुतलेला खिळा किंवा तार असा रंग सोडते.

ताज्या लाकडातला ओलावा कोरड्या वजनाच्या प्रमाणात मोजतात. म्हणून तो १०० टक्क्यांच्या वरही असू शकतो. आधी पेशींच्या पोकळीतले पाणी जाते, तेव्हा लाकूड हलके होते पण आकसत नाही. ओलावा २५–३० टक्क्यांच्या खाली आला की पेशींच्या भिंतींतले पाणी सुटू लागते आणि आकसणे सुरू होते. वाढीच्या वलयांच्या कडेने होणारे आकुंचन, गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या सुमारे दुप्पट असते. लांबीत ते नगण्य. या तफावतीमुळे फळीला बाक येतो आणि तिची सालीकडची बाजू खोलगट होते. झाडाचा मध्यबिंदू फळीत राहिला तर तेथे भेग जवळपास ठरलेलीच.

टोकांतून पाणी फळीच्या रुंद पृष्ठापेक्षा कितीतरी वेगाने निघते, म्हणून चिरल्या दिवशीच टोकांना मेण किंवा दाट रंग फासतात. मग सपाट पायावर फळ्यांची थप्पी लावतात. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये २०–२५ मिमी जाडीच्या सुक्या पट्ट्या ४०–६० सेंमी अंतरावर ठेवतात आणि त्या वरपासून खालपर्यंत एकाच ओळीत येतील हे पाहतात. वर वजन व छप्पर, बाजू वाऱ्याला मोकळ्या. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब केवळ अंदाज आहे; लाकडाची जात आणि हवामान यांनुसार तो बदलतो. घाई मात्र हमखास नडते. बाहेरचा थर लवकर वाळून ताणलेल्या स्थितीतच घट्ट होतो, नंतर आतला भाग आकसू लागला की आतल्या आत भेगा पडतात आणि त्या वरून दिसत नाहीत. घरातल्या वस्तूसाठी ओलावा साधारण ६–१२ टक्क्यांवर यावा लागतो. नुसत्या उघड्या हवेत तो बहुधा इतका उतरत नाही, म्हणून शेवटचा टप्पा भट्टीत किंवा घरातच पूर्ण करतात.

वाळलेली फळी क्वचितच सपाट असते. रंध्याने, किंवा समांतर रुळांवर सरकणाऱ्या घोडीत राऊटर (वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणारे यंत्र) बसवून, ती दोन्ही बाजूंनी सपाट करतात. भेगेवर डमरूच्या आकाराचे लाकडी तुकडे आडवे बसवतात. त्यांचे तंतू भेगेला काटकोनात ठेवले तरच ती आवळली जाते. जपानी वंशाचे अमेरिकन कारागीर जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) यांनी हे तुकडे लपवले नाहीत, तर रचनेचा भाग केले. पॉलिश पेपर ८० नंबरपासून २२० पर्यंत चढत्या क्रमाने वापरतात. जवसाचे किंवा टंग (टंग झाडाच्या बियांचे) तेल दोन्ही पृष्ठांना सारखे द्यावे. एकच बाजू बंद केली तर दुसरीकडून ओलावा आत-बाहेर होऊन फळी वाकते. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. फळी पायांवर बसवताना स्क्रूची छिद्रे रुंदीच्या दिशेने लांबट ठेवतात, कारण हवेतल्या आर्द्रतेप्रमाणे ती पुढेही फुगत-आकसत राहते.