कायझेन आणि गटप्रमुख

कायझेन म्हणजे काम करणाऱ्यांनीच आपल्या कामात रोज थोडी थोडी सुधारणा करत राहण्याची, जपानी कारखान्यांत रुजलेली पद्धत. जपानीत ‘काय’ म्हणजे बदल आणि ‘झेन’ म्हणजे चांगले. तिची कागदपत्रे आठवडाभरात शिकता येतात; ती वर्षानुवर्षे टिकते की नाही, हे मात्र उत्पादनाच्या लाइनवरच्या गटप्रमुखावर ठरते.

टोयोटा कंपनीत 1950 साली मोठा कामगारसंघर्ष झाला आणि किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. पुढच्याच वर्षी तिथे कामगारांकडून सूचना मागवण्याची योजना सुरू झाली. गुणवत्ता मंडळे, म्हणजे कामातले दोष एकत्र बसून सोडवणारे कामगारांचे छोटे गट, जपानात 1962 पासून आली, भारतात त्यांची राष्ट्रीय संघटना 1982 मध्ये हैदराबादला स्थापन झाली. चाकण, भोसरी, वाळूजच्या शॉपफ्लोअरवर ‘आधी–नंतर’ फोटोंची कायझेन शीट आता ओळखीची आहे.

टोयोटाच्या रचनेत साधारण पाच ते आठ जणांमागे एक गटप्रमुख असतो. त्याला शक्यतो स्वतःचे ठरलेले स्टेशन, म्हणजे लाइनवरची कामाची जागा, देत नाहीत. अडचण आली की कामगार दोरी ओढतो, दिवा लागतो आणि गटप्रमुख तिथे पोचतो. गाडी ठरलेल्या रेषेपर्यंत जाईतो दोष सुटला तर लाइन चालू राहते, नाही तर थांबते. दोरी ओढणाऱ्याला पहिला प्रश्न ‘काय झालं?’ असा हवा. ‘कोणी केलं?’ असे दोनदा विचारले गेले की दोरीला कोणी हात लावत नाही आणि दोष पुढच्या स्टेशनवर सरकतात.

सुधारणेआधी प्रमाणित काम कागदावर हवे: टॅक्ट वेळ (मागणी पुरी करायला एका नगामागे मिळणारा वेळ), कामाचा क्रम आणि हाताशी ठेवायचा माल. पाळीत कामाची 450 मिनिटे आणि मागणी 450 नगांची असेल, तर टॅक्ट 60 सेकंदांचा. समजा, एका स्टेशनवर बोल्टचे आटे मरतात, म्हणजे खराब होतात. ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं’ इथेच चौकशी थांबवणे ही नेहमीची चूक. का मरतात? बोल्ट हाताने दोन आटे न फिरवता थेट बोल्ट आवळायच्या गनने बसवला जातो. का? वेळ पुरत नाही. का? बोल्टचा बिन, म्हणजे डबा, पाठीमागे आहे. प्रत्येक नगाला वळून घेण्यात 6 सेकंद जातात. पाळीत ती 45 मिनिटे होतात. बिन उतरत्या रॅकवर समोर आणला की हाताने बोल्ट धरायला वेळ मिळतो. हे शोधायला गटप्रमुखाने तिथे उभे राहून निदान दहा चक्रे घड्याळ लावून पाहावी लागतात. टेबलावर बसून पाच वेळा ‘का’ विचारल्याने फक्त फॉर्म भरतो.

बदल आधी एकाच पाळीत तपासावा, मग प्रमाणित कामाचा कागद बदलावा आणि दुसऱ्या पाळीच्या गटप्रमुखाला जागेवर दाखवावा. ही शेवटची पायरी सर्वांत जास्त वगळली जाते. रात्रपाळीला रॅक अडचणीचा वाटतो, सकाळी बिन पुन्हा पाठीमागे असतो आणि आटे पुन्हा मरू लागतात.

वाचलेल्या वेळेचे काय करायचे हे आधीच सांगावे लागते. 45 मिनिटे वाचवणाऱ्या गटातला एक माणूस कामावरून कमी केला, तर त्या गटाकडून पुढची सूचना येत नाही. माणूस मोकळा झालाच, तर जो सर्वांत कुशल आहे त्याला काढून दुसऱ्या सुधारणेवर लावण्याचा प्रघात आहे. गैरहजर कामगाराची जागा गटप्रमुखानेच भरायची असते; पण रोज तेच करावे लागले, तर निरीक्षणाला कोणी उरत नाही.

माणशी महिन्याला दोन कायझेनचे उद्दिष्ट लावले की आकडा वाढतो, दर्जा पडतो. महिन्याच्या 29 तारखेला फळ्याला रंग दिल्याच्या आणि कचऱ्याचा डबा हलवल्याच्या शीट भराभर येतात. बोल्टच्या बिनसारखी शीट त्यांत सापडत नाही, कारण तिच्यासाठी दहा चक्रे उभे राहावे लागते.