अर्ध्या मिनिटात किती आवंढे?

आवंढा गिळणं ही आपल्याकडे भीतीची किंवा दाटून आलेल्या कंठाची खूण. जपानमधल्या पुनर्वसन विभागांत मात्र आवंढे चक्क मोजतात. रुग्णाला बसवायचं, एक बोट हनुवटीखाली लागणाऱ्या हायॉइड हाडावर आणि दुसरं कंठमण्यावर हलकेच टेकवायचं आणि सांगायचं, "तीस सेकंदांत जमेल तितक्या वेळा थुंकी गिळा." कंठमणी बोटाला ओलांडून वर गेला आणि पुन्हा खाली आला की एक. तीन किंवा त्याहून जास्त झाले तर ठीक, कमी भरले तर गिळण्यात बिघाड असल्याचा संशय. तोंड कोरडं असेल तर आधी जिभेवर थोडंसं पाणी. साहित्य म्हणाल तर सेकंदकाट्याचं घड्याळ, बास.

करून बघा. पहिले दोन-तीन सहज जातात, मग तोंडात गिळण्यासारखं काही उरतच नाही. हे लिहिता लिहिता मी केलं तर सहा झाले. सातव्याला घाटी अर्ध्यापर्यंत गेली आणि तशीच परतली. (जुनी माणसं कंठमण्याला घाटी म्हणतात. वयात येणाऱ्या मुलाची 'घाटी फुटते' ती हीच.) तो अर्धवट आवंढा नियमाप्रमाणे धरायचा नाही.

घाटीच्या या उड्डाणाला इतकं महत्त्व का, ते गळ्याच्या रचनेत आहे. श्वासनळी पुढे, अन्ननलिका मागे आणि दोघींच्या वर चौक एकच. घास या चौकात आला की हायॉइडला बांधलेले स्नायू त्याला वर आणि पुढे ओढतात. हे हाड शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही, स्नायूंवर नुसतं लोंबकळतं, म्हणूनच इतकं मोकळं हलतं. त्याच्यामागोमाग स्वरयंत्र (घाटी म्हणजे त्याचाच पुढे आलेला भाग) दीड-दोन सेंटीमीटर वर जातं, त्यावरची झडप कलते, स्वरतंतू मिटतात आणि त्याच ओढीने अन्ननलिकेचं तोंड उघडतं. सगळा कारभार सेकंदाच्या आत उरकतो. बोटाखाली जे लागतं त्यात एक दार बंद होणं आणि दुसरं उघडणं, दोन्ही आलं.

काही चुकलं तर ठसका लागतो. ठसका लागलेल्याच्या डोक्यावर थापटी मारून आपण "वर बघ" म्हणतो. मान वर केली की श्वासनळी झाकणं उलट अवघड होतं, हे घरी सांगून मला आजवर कुणालाही पटवता आलेलं नाही. खरी भीती ठसका न लागणाऱ्यांची. पक्षाघातानंतर घशाची संवेदना गेलेली असेल तर पाणी, लाळ, वरणाचं पाणी फुप्फुसात उतरतं आणि माणूस हूं की चूं करत नाही. काही दिवसांनी ताप चढतो आणि निदान होतं न्यूमोनियाचं.

गिळण्याचे तोंड, घसा आणि अन्ननलिका असे तीन टप्पे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या फ्रांस्वा माजांदीने पाडले. पण आत काय चालतं ते दिसायला क्ष-किरण यावे लागले. रोंटगेनने ते 1895 मध्ये शोधले आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डमधल्या वैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने, वॉल्टर कॅननने, एका हंसिणीला क्ष-किरणांत उठून दिसणारं बिस्मथ मिसळलेलं खाणं भरवून ते क्ष-किरणांखाली उतरताना पाहिलं. हंसीण का, तर लांबलचक मान. ती सरळ राहावी म्हणून तिला पुठ्ठ्याची उंच कॉलर चढवली होती. आल्बर्ट मोझरबरोबरचं त्याचं हे काम 1898 मध्ये छापून आलं.

कॅननची नजर अन्ननलिकेवर होती. घशातल्या त्या एका सेकंदाकडे पुनर्वसनाच्या अंगाने बघायला आणखी बराच काळ जावा लागला. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जेरी लोगमन मूळच्या वाचा-उपचारांतल्या. बिस्मथसारखंच क्ष-किरणांत दिसणारं बेरियम पाजून करायच्या तपासणीला त्यांनी वेगळं वळण दिलं. पेलाभर बेरियम पाजण्याऐवजी चमचाभर पातळ, थोडं घट्ट, बिस्किटाचा एक तुकडा, असं थोडंथोडं देऊन घसा चलच्चित्रात पकडायचा. घास अडकतो हे कळणं पुरेसं नव्हतं. कशामुळे अडकतो आणि काय बदललं तर जाईल, हे त्यांना हवं होतं. 1983 चं त्यांचं पुस्तक या क्षेत्राचा पाया ठरलं. पलंगाशेजारी गळ्यावर चार बोटं ठेवून हालचाल जोखण्याची रीतही त्या शिकवत. म्हणजे गळ्याला हात लावणं हा काही जपानी शोध नव्हे. जपान्यांनी त्याला आकडा दिला.

तो आकडा कुठून आला, हे मला गोष्टीतलं सगळ्यात रंजक वाटतं. 1951 पासून 1980 पर्यंत जपानमध्ये सर्वाधिक मृत्यू मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने होत. पुढे त्यातून माणसं वाचायला लागली. वाचली, पण अनेकांना घोट गिळता येईना. 1982 मध्ये कुबोता तोशिओ यांनी 30 मिलिलिटर पाणी प्यायला देऊन बघायची सोपी चाचणी मांडली. पाच सेकंदांच्या आत, एका दमात, न ठसकता संपलं तर उत्तम. दरम्यान देश म्हातारा होत होता. 65 वर्षांवरच्यांचं प्रमाण 1970 मध्ये 7 टक्के होतं, ते 1994 मध्ये 14 टक्क्यांवर गेलं. त्याच 1994 मध्ये खाण्या-गिळण्याच्या उपचारांना आरोग्य विम्यातून पैसे मिळू लागले. 1997 मध्ये वाचा-श्रवण उपचारकांना सरकारी परवाना देणारा कायदा झाला आणि एप्रिल 2000 पासून वृद्धांच्या शुश्रूषेचा विमा सुरू झाला. रुग्ण इस्पितळातून घरी आणि वृद्धाश्रमांत विखुरले. क्ष-किरणांचं यंत्र काही त्यांच्या मागे जाणार नव्हतं.

आवंढ्यांच्या चाचणीवरचे ओगुची आणि साइतो एइइची यांच्या गटाचे दोन निबंध जपानी पुनर्वसन वैद्यकाच्या नियतकालिकात आले ते याच 2000 साली. पहिला निरोगी माणसांच्या आकड्यांचा, दुसरा क्ष-किरणांशी ताडून पाहण्याचा. कल्पना साधी आणि म्हणूनच हुशार आहे. पाण्याच्या चाचणीत पाणी फुप्फुसात जाण्याचा धोका आपणच ओढवून घेतो. थुंकी तर तो माणूस एरवीही गिळतोच. ताळा असा आला की ज्यांच्या श्वासनळीत खरोखर अन्न जात होतं त्यांतले 98 टक्के या चाचणीत सापडले, पण ज्यांच्या जात नव्हतं त्यांतले 66 टक्केच निर्दोष सुटले. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यावर फुकटचा संशय. चाळणी परीक्षा आहे ही. खडा खाली जाऊ नये म्हणून चार दाणे वर राहिले तर तक्रार नसावी.

तक्रार आहे ती चाळणीलाच निकाल मानणाऱ्यांबद्दल. विस्मृतीच्या रुग्णाला 'गिळा' म्हटलेलं कळतच नाही. त्याचा शून्य घशाचा नव्हे, आकलनाचा असतो. जाड मानेत आणि बऱ्याच बायकांच्या गळ्यात कंठमणी हाताला नीट लागत नाही. काही औषधांनी तोंड इतकं सुकतं की आवंढा आणायचा कुठून? तरीही 'दोनच झाले' एवढ्यावर नाकात नळी घातलेली आणि नंतर साध्या खिमटीवर छान सावरलेली आजी मी पाहिली आहे. साइतो यांच्या वर्तुळातच पुढे 3 मिलिलिटर गार पाणी आणि चमचाभर पुडिंग अशा चाचण्या जोडीला आल्या. 2003 मध्ये त्यांचा एकत्रित ताळाही प्रसिद्ध झाला. अमेरिकेत सुझन लँगमोर यांनी 1988 मध्येच नाकातून दुर्बीण घालून गिळणं बघायची रीत रुजवली होती. ती पलंगापाशी नेता येते, पण हात तयार लागतो.

2011 मध्ये जपानच्या मृत्यूंच्या यादीत न्यूमोनियाने मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांना मागे टाकून तिसरा क्रमांक गाठला. आता बोटाचं काम यंत्राला देण्याची खटपट चालू आहे. त्सुकुबा विद्यापीठातून निघालेल्या एका कंपनीचा पट्टा गळ्यात घालतात. तो गिळल्याचा आवाज आणि मानेची ठेवण टिपतो. बोट तीस सेकंद टिकतं, पट्टा अख्खं जेवणभर राहतो. नाव गोकुरी. जपानीत घोट घशाखाली उतरतानाचा तो आवाज, आपल्या 'गटकन'सारखा.