सर्पगंधेच्या मुळीपासून डार्प-३२ पर्यंत

आजोबांचा हात चहाची बशी धरताना थरथरतो. ‘वयाचं आहे, चालायचंच,’ असं म्हणून आपल्या बेळगाव-खानापूरकडे अजूनही पुष्कळ घरांत दुर्लक्ष होतं, आणि ते व्हायला नको. हा कंपवात असू शकतो. त्यावर मिळणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळीमागचा इतिहास आपल्याच सह्याद्रीत उगवणाऱ्या सर्पगंधेपाशी सुरू होतो.

सर्पगंधा रक्तदाबावर लागू पडते, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडलं. १९५२ मध्ये तिच्या मुळीतून रेसर्पिन वेगळं केलं गेलं. पुढे स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिलं, तेव्हा ससे कान पाडून निपचित बसले. मग डोपा (लेव्होडोपा हे याचंच एक रूप) टोचल्यावर थोड्याच वेळात ते पुन्हा हालू-फिरू लागले. रेसर्पिनमुळे मेंदूतलं डोपामाइन, म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप नेणारं रसायन, संपत होतं आणि डोपा ते भरून काढत होतं. हे १९५७-५८ चं काम. कंपवातातही मेंदूत डोपामाइनच कमी पडतं, म्हणून लेव्होडोपाची गोळी.

पण डोपामाइन चेतापेशीवर पोचल्यावर आत काय होतं? अर्ल सदरलँड या शास्त्रज्ञांना यकृतात सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू सापडला होता. क्रेब्स आणि फिशर या शास्त्रज्ञांनी स्नायूंत दाखवलं होतं की प्रथिनावर फॉस्फेट हा छोटा रासायनिक गट चढला-उतरला की त्याचं काम बदलतं. हेच चेतापेशीतही घडत असेल, असं अमेरिकी शास्त्रज्ञ पॉल ग्रीनगार्ड म्हणू लागले, तेव्हा ते फारसं कुणाला पटलं नाही, कारण चेतापेशी म्हणजे विजेचा खेळ अशीच समजूत होती.

१९८३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने चेतापेशींतल्या डार्प-३२ या प्रथिनाची नोंद केली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग हाच. डोपामाइनमुळे सायक्लिक एएमपी वाढला की प्रोटीन कायनेज-ए हे विकर डार्प-३२ च्या साखळीतल्या ३४ व्या जागी फॉस्फेट चढवतं. मग डार्प-३२ फॉस्फेट उतरवणाऱ्या पीपी-१ या विकराला अडवतं, आणि इतर प्रथिनांवर चढलेले फॉस्फेट टिकून राहतात. ग्लुटामेट या दुसऱ्या निरोप नेणाऱ्या रसायनामुळे पेशीत कॅल्शियम शिरलं की कॅल्सिन्युरिन हे विकर तो ३४ व्या जागेवरचा फॉस्फेट काढून टाकतं. १९९९ मध्ये आणखी एक गोष्ट कळली: ७५ व्या जागी फॉस्फेट चढला तर डार्प-३२ उलट प्रोटीन कायनेज-ए लाच रोखतं.

कार्लसन, ग्रीनगार्ड आणि स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे एरिक कँडेल यांना २००० चं नोबेल मिळालं. काम मात्र थांबलेलं नाही. वर्षानुवर्षं लेव्होडोपा घेतलेल्या काही रुग्णांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अशा वेळी डार्प-३२ च्या ३४ व्या जागेवर फॉस्फेट वाजवीपेक्षा जास्त आढळला आहे.